हशाचा धनी : दादा कोंडके

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे छापून येतात. महात्मा फुले, सावित्रीबाई, डॉ. बाबासाहेब, साने गुरुजी ही सारी वंदनीय मंडळी. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते असावेतच. मी मात्र या खेपेला अशा एका माणसावर लिहिणार आहे, की ज्याचे नाव काढताच वर्गात आधी खसखस पिकते आणि मग प्रत्येक जण शेजारच्याकडे चोरून पाहतो. ते नाव म्हणजे दादा कोंडके. मुलीच्या जातीने हा विषय घ्यावा का, असेही कुणाला वाटेल. मला वाटते, मुलीनेच घ्यावा. दादांच्या चित्रपटांना पोट धरून हसणाऱ्यांत आमच्याकडच्या बायाही होत्या. आणि द्व्यर्थी विनोद तंबूबाहेर पडून रस्त्यावर आला, तेव्हा मान खाली घालून चालणाऱ्याही बायाच होत्या. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकाच लेखात मांडता येतात का, हे मला पाहायचे आहे.

दादांचे मूळ नाव कृष्णा. 8 ऑगस्ट 1932 रोजी मुंबईतल्या नायगावात त्यांचा जन्म झाला. गोकुळाष्टमीच्या सुमारास जन्मलेले मूल म्हणून नाव कृष्णा ठेवले, असे सांगतात. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या भोरकडचे, इंगवली गावचे. पोटासाठी मुंबईला आलेले आणि गिरणीच्या भोंग्यावर जगणारे. गिरणगाव म्हणजे तरी काय? घाटावरची, कोकणातली, देशावरची सारी खेडी एकाच वस्तीत कोंबून भरलेली. एका खोलीत दहा-दहा माणसे, सामाईक नळ, आणि गणपतीत व शिमग्यात चाळीच्या चौकात होणारे मेळे, भजने आणि सोंगे. दादांची खरी शाळा हीच. पुस्तकी शिक्षण बेताचेच झाले. तरुणपणी मारामाऱ्याही केल्या, सोड्याच्या बाटल्याही फेकल्या, हे त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे.

ऐन उमेदीत त्यांच्यावर एक मोठा घाला पडला. वर्षभराच्या आत घरातली जवळची माणसे एकामागून एक गेली. हसवणाऱ्या माणसाच्या आयुष्यातला हा काळोख फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्यानंतर बरेच दिवस ते कुणाशी बोलत नव्हते. त्या दुःखातून बाहेर आले ते लोकांना हसवण्याचा निश्चय करूनच. ‘अपना बाजार’मध्ये साधी नोकरी, संध्याकाळी बँडपथक, आणि उरलेल्या वेळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचे कार्यक्रम असा त्यांचा दिनक्रम झाला. वस्तीत त्यांना बँडवाले दादा म्हणूनच ओळखत. सेवा दलाच्या कलापथकांनी त्या काळात महाराष्ट्राला कितीतरी कलावंत दिले, त्यांत दादांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

‘खणखणपूरचा राजा’ या लोकनाट्यातले त्यांचे काम लेखक वसंत सबनीस यांच्या पाहण्यात आले. दादांनी स्वतःची नाटकमंडळी काढायचे ठरवले आणि सबनीसांकडे नव्या वगाची मागणी केली. त्यातून ‘विच्छा माझी पुरी करा’ जन्माला आले. गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा जुना सांगाडा. त्यात सबनीसांनी राजा, प्रधान, हवालदार आणि मैनावती घालून राज्यकारभाराची खिल्ली उडवली. दादा त्यात हवालदार होत. लेखकाने लिहिलेले वाक्य संपले, की दादांचे स्वतःचे सुरू होई. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी, समोर बसलेला पुढारी, गावातली पाणीटंचाई असे काहीही त्यांच्या तोंडी येई. त्यामुळे कालचा प्रयोग पाहिलेला माणूस आजही तिकीट काढून येई. या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. दूरदर्शन घरोघर पोचण्यापूर्वीच्या काळात दीड हजार प्रयोग म्हणजे काय, याची कल्पना करावी.

मुंबईतला एक प्रयोग आशा भोसले यांनी पाहिला. त्यांनी दादांचे नाव भालजी पेंढारकरांना सुचवले आणि 1969 साली भालजींच्या ‘तांबडी माती’मधून दादा प्रथम पडद्यावर आले. त्या चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भालजींना दादांनी अखेरपर्यंत गुरू मानले. शिवरायांचे चित्रपट काढणारा तो करारी तपस्वी आणि हा चावट शिष्य! ही जोडी पाहून आश्चर्य वाटते. पण दोघांची नजर एकाच प्रेक्षकावर होती. तो प्रेक्षक म्हणजे पागोटे, टोपी नि लुगड्यातला महाराष्ट्र.

यानंतर 1971 साल उजाडले आणि ‘सोंगाड्या’ आला. निर्माते स्वतः दादा, कथा वसंत सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, संगीत राम कदमांचे, नायिका उषा चव्हाण. गोष्ट अगदी साधी आहे. नाम्या हा खेड्यातला भोळासांब. त्याची आई करड्या स्वभावाची. ती भूमिका रत्नमालाबाईंनी अशी वठवली, की पुढे दादांच्या चित्रपटात ‘आये’ म्हणजे रत्नमाला हे समीकरणच झाले. हा नाम्या तमाशा पाहायला जातो आणि कलावती नाचीच्या नादी लागतो. आई घराबाहेर काढते आणि पोरगा तमाशाच्या फडात जाऊन सोंगाड्या होतो. ढगळ अर्धी चड्डी, तिची गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी आणि चेहऱ्यावर कशाचाच थांग नसलेला भाव. एवढ्या भांडवलावर दादांनी महाराष्ट्र जिंकला.

पण चित्रपट तयार होणे ही अर्धीच लढाई असते. तो लागणार कुठे? दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात ‘सोंगाड्या’ लागायचा होता, पण देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ आला आणि मराठी चित्रपटाला जागा मिळेना. तेव्हा दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले. शिवसैनिक कोहिनूरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ला पडदा मिळाला. पुढे शिवसेनेच्या प्रचारसभांतून दादांनी गावोगाव भाषणे केली, त्याचे मूळ या प्रसंगात आहे. या प्रसंगाचे राजकारण कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. मला त्यातली एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. महाराष्ट्राच्या राजधानीत, भर दादरमध्ये, मराठी चित्रपटाला दार उघडून मिळण्यासाठी गर्दी गोळा करावी लागली. मात्र दार उघडल्यावर आत जी गर्दी आली, ती कुणी गोळा केलेली नव्हती. ती आपल्या पायांनी आली, आपल्या पैशांनी आली आणि पुन्हा पुन्हा आली. ‘सोंगाड्या’ने रौप्यमहोत्सव केला.

रौप्यमहोत्सव हा शब्द आता आपल्याला परका झाला आहे, म्हणून थोडे सांगते. हल्ली पहिल्या तीन दिवसांत किती कोटी जमले यावर चित्रपटाचे यश मोजतात. त्या काळी आठवडे मोजत. एकाच चित्रपटगृहात चित्रपट पंचवीस आठवडे टिकला, तर तो रौप्यमहोत्सव. प्रत्येक चित्रपटगृहाची एक ठरलेली रक्कम असे. आठवड्याचा गल्ला तिच्या खाली आला, की मालक तो चित्रपट उतरवून दुसरा चढवायला मोकळा. म्हणजे दर आठवड्याला चित्रपटाची परीक्षा, आणि अशा पंचवीस परीक्षा ओळीने उत्तीर्ण व्हायच्या! एकदा पाहून गेलेला माणूस घरच्यांना घेऊन परत आला, तरच हे शक्य होते. जाहिरात पहिला आठवडा भरील, फार तर दुसरा. विसावा आठवडा भरतो तो फक्त एका तोंडाने दुसऱ्या कानात सांगितलेला अनुभव.

आणि हे एकदाच घडले नाही. ‘एकटा जीव सदाशिव’ (1972), ‘आंधळा मारतो डोळा’ (1973), ‘पांडू हवालदार’ (1975), ‘तुमचं आमचं जमलं’ (1976), ‘राम राम गंगाराम’ (1977), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (1978), ‘ह्योच नवरा पाहिजे’ (1980), ‘आली अंगावर’ (1982) अशी ही माळ आहे. नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांबद्दल दादांचे नाव गिनीज बुकात गेले. ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही ते स्वतःच करू लागले. त्याच चित्रपटाने अशोक सराफ घराघरांत पोचले. त्याच चित्रपटात दादांनी दोन होतकरू संगीतकारांना राम-लक्ष्मण हे जोडनाव दिले. त्यांतले राम लवकरच वारले, पण लक्ष्मण म्हणजे विजय पाटील यांनी जोडीचे नाव सोडले नाही, आणि पुढे 1989 साली ‘मैंने प्यार किया’च्या गाण्यांनी ते नाव देशभर गाजले. महेंद्र कपूर हे पंजाबी गायक, पण दादांसाठी ते अस्सल मावळी ठसक्यात गायले. ‘एकटा जीव सदाशिव’वरून तर दादांच्या मृत्यूनंतर, 2000 साली, गोविंदाला घेऊन ‘जिस देश में गंगा रहता है’ हा हिंदी चित्रपट निघाला. सत्तरच्या दशकात मराठी चित्रपट मोडकळीस आला होता, असे आपण इतिहासात वाचतो. त्या पडत्या घराला ज्या चार खांबांनी तोलून धरले, त्यांतला एक खांब म्हणजे दादांची अर्धी चड्डी होती, हे इतिहासकारांनी थोडे संकोचत का होईना लिहायला हवे.

आता आमच्या मुलखाबद्दल. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन डोंगराळ तालुके. शहापूरला निदान आसनगाव-वाशिंदची स्टेशने होती, लोकल पकडून कल्याणला जाऊन चित्रपट पाहता येई. मुरबाडच्या आतल्या गावांना त्या काळी तेही नव्हते. तिथे चित्रपट यायचा तो तंबूतून. दिवाळीनंतर भाताची झोडणी आटोपली, की तंबूवाले फिरू लागत आणि पावसाळा तोंडावर आला, की गुंडाळून निघून जात. पौष पौर्णिमेला म्हसाची यात्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, भांडी, मिठाई आणि रात्री करमणूक. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात पाहिलेला पहिला चित्रपट म्हणजे अशा तंबूतला ‘सोंगाड्या’. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, खाली जमिनीवर बसायचे. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपले की अंधार, आणि अंधारात लेकरांची रडारड. आजीला गोष्ट पुरती आठवत नाही. तिला ती लोंबणारी नाडी आठवते, आणि शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोके ठेवून हसल्याचे आठवते. आजी आजही हे सांगताना तोंडाला पदर लावते, पण डोळे हसत असतात.

मी आजीला विचारले, तुम्हाला लाज नाही वाटली? तिला माझा प्रश्नच कळला नाही. तिच्या लेखी त्यात नवे काहीच नव्हते. आमच्याकडे हळदीच्या रात्री विहिणीला गाण्यातून ज्या शिव्या देतात, त्यापुढे दादांचे संवाद म्हणजे भजन! शिमग्याची बोंब, गौळणीतल्या मावशीचे टोमणे, लावणीची सवाल-जवाबाची ठेच, हे सारे दादांच्या आधीपासून चालत आले आहे. एका शब्दाचे दोन अर्थ ठेवायचे, भोळा अर्थ तोंडात आणि चावट अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात. ही आपल्या लोककलेची जुनीच युक्ती आहे. सेन्सॉर बोर्डाशी दादांचे जे खटके उडत, त्यांत त्यांनी हीच ढाल वापरली. शब्द तर साधा आहे, वाईट अर्थ तुम्ही काढलात! यावर साहेब लोक काय बोलणार?

साहित्याच्या विद्यार्थिनीला इथे एक तुलना सुचते. ‘सोंगाड्या’नंतर वर्षभरातच, 1972 साली, व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. संगीतकार दोन्हीकडे राम कदमच, निळू फुले दोन्हीकडे, तमाशाचा फडही दोन्हीकडे. पण ‘पिंजरा’तला सुशिक्षित मास्तर तमाशाच्या वाटेला जातो आणि धुळीला मिळतो. ‘सोंगाड्या’तला अडाणी नाम्या त्याच वाटेला जातो आणि माणसात येतो. एक चित्रपट तमाशाकडे गावाबाहेरून पाहतो, दुसरा फडाच्या आतून. पहिल्याला आपण अभिजात म्हणतो, दुसऱ्याला ग्राम्य. ग्राम्य या शब्दाचा खरा अर्थ गावचा एवढाच आहे. गावचे ते असभ्य, हे कुणी आणि केव्हा ठरवले? मी आमच्या घरातली महाविद्यालयात आलेली पहिलीच मुलगी. पहिल्या वर्षी माझ्या तोंडून गावाकडचा शब्द निसटला, की आजूबाजूला हसू फुटे. त्या हसण्यात आणि तंबूतल्या हसण्यात फरक आहे. नाम्या खेडवळ बोलतो म्हणून शहर त्याला हसत असेल. पण चित्रपट मात्र नाम्याच्या बाजूने उभा असतो. सावकार, पाटील, साहेब हे शेवटी फजीत होतात आणि अर्ध्या चड्डीतला गडी जिंकतो. पडद्यावर आपल्यासारखे बोलणारा माणूस नायक झाला, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीला केवढी मोठी वाटली असेल!

इथे लेख थांबवला, तर तो गौरवलेख झाला असता. पण आजीनंतर मी आईला विचारले, आणि आईला हसू आले नाही. आई शाळेत जायची ती चार किलोमीटर पायी. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. त्या काळी द्व्यर्थी नावांच्या चित्रपटांची लाटच आली होती. वाटेवरच्या पुलावर काही टगी पोरे बसत आणि मुली जवळ आल्या, की अशाच कुठल्यातरी चित्रपटाचे नाव मोठ्याने म्हणत. उलट बोलायची सोय नव्हती. ते म्हणणार, आम्ही तर सिनेमाचे नाव घेतले! जी ढाल सेन्सॉरपुढे गमतीची वाटली, तीच ढाल त्या पोरांच्या हातात गेल्यावर मुलींना मात्र काहीच उरले नाही. यात दोष त्या पोरांचा, त्यांना न हटकणाऱ्या मोठ्या माणसांचा. चित्रपट काढणाऱ्याला त्यासाठी पुलावर उभे करता येणार नाही. पण हळदीच्या गाण्यात आणि पुलावरच्या बोलण्यात काय बदलले, हे मला समजून घ्यावेसे वाटते. हळदीला बाई बाईला बोलते, आणि जिला बोलते ती पुढच्या लग्नात फेड करते. तमाशातली मावशी कृष्णाला निरुत्तर करते. तिथे उत्तर द्यायचा हक्क दोघांनाही असतो. पुलावर तो एकाच बाजूला होता. विनोद चावट असल्याने वाईट होत नाही, समोरच्याला बोलता येऊ नये अशी तजवीज केली की तो वाईट होतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे भेद इथे आहे.

हीच फूटपट्टी दादांच्या चित्रपटांना लावून पाहावी. सुरुवातीच्या चित्रपटांतली उषा चव्हाण कुणाचे ऐकून घेणारी नाही. ‘पांडू हवालदार’मधली केळेवाली पारू हवालदाराच्या तोडीस तोड आहे. तिथे विनोद दोन माणसांमध्ये घडतो. पुढे पुढे मात्र गोष्ट पातळ होत गेली, नावे जास्त चावट होत गेली. हिंदीतही त्यांनी ‘तेरे मेरे बीच में’ (1984), ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (1986) असे चित्रपट काढले. पण कोटीची गंमत ज्या बोलीत मुरलेली असते, ती बोली हिंदीत कुठून आणणार? दरम्यान मराठीतही नवे विनोदी चित्रपट आले, व्हिडिओ आला, दूरदर्शन आले. ज्या प्रेक्षकाने पंचवीस-पंचवीस आठवडे दिले होते, तो घरी बसू लागला. गिरण्याही 1982 च्या संपात बंद पडत गेल्या आणि ज्या वस्तीने दादांना घडवले, ती वस्तीच विस्कटली.

14 मार्च 1998 रोजी मुंबईत हृदयविकाराने दादा गेले. त्यांचे आत्मकथन अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केले आहे. त्याचे नाव ‘एकटा जीव’. ज्याच्या नावावर एवढी गर्दी जमली, त्याला स्वतःच्या आयुष्याचे नाव हेच सुचावे, यावर मी भाष्य करणार नाही.

दादांना समाजसुधारकांच्या ओळीत बसवावे असे मी म्हणत नाही; त्यांना स्वतःलाही ते हसू आणणारे वाटले असते. माझे म्हणणे एवढेच, की पंचवीस आठवडे माणसे रांगेत उभी राहतात, तेव्हा अभ्यासकाने नाक मुरडून चालत नाही. ती रांग कुणाची होती, ती कशाला हसली, त्या रांगेत कोण होते आणि कोण नव्हते, हे त्याने विचारले पाहिजे. हे प्रश्न विचारायला आमच्याइतकी जवळची साक्ष दुसऱ्या कुणाकडे असणार? तंबूत बसलेल्या आज्या अजून हयात आहेत, पुलावरून खाली मान घालून गेलेल्या आयाही आहेत. शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक घरात मराठी चित्रपटाचा असा एक न लिहिलेला इतिहास बसला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने या सुट्टीत घरी जाऊन एक तरी पान लिहून घ्यावे. आज्या थकत चालल्या आहेत.